मुष्टियुद्धाचं त्रैराशिक

कालव्याच्या तोंडाशी वसलेल्या कोलोन शहरात अनिसेतो वेल्च मास्तरांचं मत कोणाला विचारावं लागत नसे. विचारायच्या आत ते हजर असे. सारी हयात सरकारी शाळेत गणित शिकवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्याजवळ उत्तरं भरपूर शिल्लक आहेत, प्रश्न मात्र संपले. मग प्रश्नांच्या शोधात ते रोज सकाळी बास्तियान न्हाव्याच्या दुकानात जाऊ लागले. कापण्याजोगे केस त्यांच्या डोक्यावर उरले नव्हते. पण न्हाव्याच्या दुकानात केवळ केस कापायला जाणारा माणूस कोलोनमध्ये अजून जन्माला यायचा आहे.

त्या सकाळी दुकानात बॉक्सिंगवरून जुंपली होती. तशी ती रोजच जुंपे, पण आज त्याला कारण होतं. वस्तीतल्या जुन्या बॉक्सिंगच्या आखाड्यावर नगरपालिकेने नवे पत्रे घातले होते, भिंती निळ्या रंगवल्या होत्या, आणि आता दारावर नाव कोणाचं द्यायचं यावरून नगरसेवकांत बरोबर निम्मी-निम्मी फूट पडली होती. निम्मे म्हणत, लिनो ब्रॅथवेट. लिनोला लोक 'खेकडा' म्हणत, कारण तो समोरून कधी येतच नसे, कडेकडेने सरकत येई. त्याच्या काळी बॉक्सर महिन्यातून दोन-तीनदा रिंगणात उतरत. लिनो सव्वाशेच्या वर लढती लढला, नव्वदेक जिंकला, तीसेक हरला, आणि त्यालाही मरून आता बराच काळ लोटला होता. उरलेले निम्मे म्हणत, वॉल्तेर पिन्सोन. वॉल्तेर लिनोनंतर वीस वर्षांनी आला, चौतीस लढती लढला आणि एकही हरला नाही. तो हयात होता, धडधाकट होता आणि मालवाहू गाडी चालवत होता.

"नव्वद मोठे की चौतीस मोठे, एवढंच सांगा," बास्तियान वस्तरा हवेत धरून म्हणाला.

"आणि तीस वेळा मार खाल्ला ते?" खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाच्या आतून म्हणालं.

"तेव्हाचे हातमोजे पातळ होते. आतासारख्या उशा नव्हत्या. पातळ मोज्यांनी तीसदा मार खाऊन जो चालत घरी जातो, त्याचे ते तीसही विजयच."

इथे मास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. आयुष्यात अशा जागा फार थोड्या येतात की जिथे गप्प बसल्याने माणसाचं कायमचं भलं होतं, आणि त्या नेमक्या आपल्याला बोलायचं असतं तिथेच येतात. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"यात भांडण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "हे गणित आहे. काळ वेगळे, मोजे वेगळे, फेऱ्या वेगळ्या. म्हणजे छेद वेगळे. छेद समान करायचा आणि अंश बघायचा. सातवीच्या पोरांना शिकवतो आम्ही."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने हाताने फेस पुसला. आत नगरपालिकेचे सचिव पिमेंतेल निघाले.

"मास्तर," ते म्हणाले, "हा छेद तुम्ही लेखी समान करून द्याल?"

दुसऱ्या दिवशी शिपाई पत्र घेऊन घरी आला. 'तुलना आयोग' नेमण्यात आला होता. आयोगाला सदस्य एक, तोच अध्यक्ष, मानधन नाही. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा जरा मोठ्याने वाचलं, म्हणजे स्वयंपाकघरात ऐकू जावं.

स्वयंपाकघरातून ओदिल्या हात पुसत बाहेर आली. "छान झालं," ती म्हणाली. "लिनोमामाचं नाव लागणार एकदाचं."

इथे सांगायला हवं की ओदिल्या ही लिनो ब्रॅथवेटची सख्खी भाची. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नात लिनो त्यांच्या शेजारीच उभा होता आणि फोटोतही कडेने सरकत आलेला दिसतो. पण छेद समान करण्याच्या भरात ती गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटली होती.

"ओदिल्या, आयोग निःपक्षपाती आहे."

"असू दे की. निःपक्षपातीपणाने लाव."

दुसरी निसटलेली गोष्ट खाली राहत होती. वॉल्तेर पिन्सोन मास्तरांचा तळमजल्यावरचा शेजारी. गेली कित्येक वर्षं दोघं रोज संध्याकाळी जिन्यापाशी स्टुलावर डॉमिनो खेळत. वॉल्तेर मोठा सालस माणूस. ज्या हातांनी चौतीस जणांना झोपवलं त्याच हातांनी तो डॉमिनोच्या सोंगट्या अशा अलगद ठेवी की जणू त्यांची झोपमोड होईल. पण त्याची बायको मारित्सा सालस नव्हती, आणि घराचा पाण्याचा पंप तिच्या ताब्यात होता. खालून तिने बटण दाबलं की वर मास्तरांच्या नळाला पाणी.

"तुम्ही बघाल ते बरोबर, मास्तर," वॉल्तेर त्या संध्याकाळी म्हणाला. "मला त्याचं काही नाही." पण सोंगटी त्याने चुकीच्या टोकाला लावली.

"बघतील की," आतून मारित्साचा आवाज आला. "वर पाणी चढतंय तोवर नीटच बघतील."

मास्तर कामाला लागले. राजधानीतल्या बॉक्सिंग मंडळाकडे नोंदी मागायला गेले तर कळलं की लिनोच्या काळच्या नोंदी गळक्या छपराखाली ठेवल्या होत्या आणि वॉल्तेरच्या काळच्या त्याहून सुरक्षित ठिकाणी, म्हणजे कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा मास्तरांनी वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं काढली. वर्तमानपत्रांनी मदत करायचा प्रयत्न केला. लिनोची एक लढत एका पत्राच्या मते तो जिंकला होता, दुसऱ्याच्या मते बरोबरी झाली होती, आणि तिसऱ्याने कळवलं होतं की पावसामुळे लढत झालीच नाही. मास्तरांनी बराच विचार करून ती एक तृतीयांश विजय धरली.

मग सूत्र तयार झालं. विजयाचे इतके गुण, समोरच्याला आडवं केलं तर इतके जास्त, हरल्यास इतके वजा, आणि शेवटी काळाचा भागाकार. पहिल्यांदा मांडलं तेव्हा वॉल्तेर थोडक्यात पुढे गेला. मास्तरांनी हा आकडा कोणाला सांगितला नाही. फक्त बास्तियानला, तोही गुप्त म्हणून. दुपारपर्यंत तो सगळ्या वस्तीत गुप्तच होता. घरी जेवायला आले तर टेबलावर थाळी होती, थाळीत एक कच्चं केळं होतं, आणि ते न सोललेलं होतं.

"हे काय?"

"लिनोमामा एवढ्यावर पंधरा फेऱ्या लढायचा," ओदिल्या म्हणाली. "तुझ्या सूत्रात पंधरा फेऱ्यांचे किती धरलेस?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे पाहिलं, तर फेऱ्यांचे काहीच धरले नव्हते. ही खरोखरच चूक होती. फेऱ्या घातल्या आणि लिनो पुढे गेला. त्या दिवशी घरात नारळाच्या दुधातला भात झाला, वर तळलेला मासा. आणि मास्तर हात धुवायला उठले तर नळातून फक्त हवा आली, तीही तुटक तुटक.

खाली गेले. मारित्सा पंपावर कपडे वाळत घालत होती.

"पंप बिघडला का?"

"नाही, दमलाय," ती म्हणाली. "पंधरा फेऱ्या झाल्या त्याच्या."

त्यानंतर कोलोनमधला प्रत्येक माणूस मास्तरांच्या सूत्रात काही ना काही घालू लागला. बास्तियानच्या मते मोज्यांचं वजन धरायला हवं होतं. मासळीवाली म्हणाली, तेव्हाची माणसं खारवलेला मासा खायची, आत्ताची डब्यातला. तेव्हा ताकद कोणाची हे तिला विचारायलाच नको. पाद्रीबाबांनी प्रवचनानंतर मास्तरांना बाजूला घेऊन सुचवलं की रविवारी सकाळी चर्चला येणाऱ्याला शनिवार रात्रीच्या लढतीचे थोडे गुण अधिक असावेत. मास्तर ज्यांना ज्यांना सातवीत नापास करून बसले होते ते सगळे आता मोठे झाले होते आणि त्यांना रस्त्यात थांबवून भागाकार तपासत होते. सूत्र एका कागदावर मावेना. मास्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहू लागले. एक घटक घातला की लिनो वर, दुसरा घातला की वॉल्तेर वर. एका दिवशी अन्न, दुसऱ्या दिवशी पाणी. दोन्ही एकाच दिवशी मिळण्याचं गणित काही सुटेना. गणिताचा माणूस असा उपाशी आणि पारोसा रस्त्याने जाताना पाहून लोकांनी वाट सोडावी, तर उलट लोक अधिकच सल्ले देत.

डॉमिनो तर थांबलाच होता. ते कोणी ठरवून थांबवलं नव्हतं. एका संध्याकाळी वॉल्तेर म्हणाला, "आज गाडीचं काम आहे." दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "आज आयोगाचं काम आहे." मग जिन्यापाशी दोन स्टुलं नुसतीच राहिली, आणि वर जाता-येता मास्तर त्यांच्याकडे न बघता वळत. खरं सांगायचं तर त्यांना पाण्यापेक्षा ते जास्त लागलं.

एकदा दिनदर्शिकेकडे बघत बसले असता मास्तरांना एकदम सुचलं. आपण सगळा गुंता केला होता. याला साधं त्रैराशिक हवं. अ हा ब ला किती पटीने भारी, ब हा क ला किती पटीने. म्हणजे अ आणि क चं नातं आपोआप निघतं. दोन्ही काळांत लढलेला एक माणूस हवा, ज्याने लिनोचाही ठोसा खाल्लाय आणि वॉल्तेरचाही. छेद समान करणारा जिवंत माणूस.

दोन दिवस वर्तमानपत्रं उलटीपालटी केल्यावर तो सापडला. त्रांकिलिनो आयार्सा. पोरसवदा असताना उतारवयातल्या लिनोकडून हरला होता, आणि स्वतः उतारवयात आल्यावर पोरसवदा वॉल्तेरकडून. मधल्या काळात बाकी सगळ्यांकडून. बास्तियानने सांगितलं की तो किनाऱ्याला, रिओ मान्सो गावात, अजून आहे आणि झोपाळ्यात असतो.

मास्तर एकटेच जाणार होते. पण ओदिल्या म्हणाली, "मामाच्या बाजूचं कोणीतरी हवं," आणि कपाटातून चांगला पोशाख काढला. रिओ मान्सोला बस आठवड्यातून एकदाच जाई. गाडी एकाचीच होती.

"मी नेतो की," वॉल्तेर म्हणाला. "मलाही ऐकायचंय तो काय म्हणतो ते."

"मग मीही येते," मारित्सा म्हणाली.

तेव्हा चौघं निघाले. पुढे वॉल्तेर आणि मारित्सा, मागे उघड्या हौद्यात आयोग आणि त्याची बायको. गातूनला, जहाजं पाण्याबरोबर चढवतात-उतरवतात त्या कालव्याच्या दारांत एक मालवाहू जहाज उभं होतं, ते उतरेपर्यंत फाटकाशी थांबावं लागलं. पाणी इंचाइंचाने खाली जात होतं. ओदिल्याने तळलेल्या केळ्यांचा डबा उघडला, एक मास्तरांना दिलं, आणि थोडा विचार करून पुढच्या काचेवर टकटक केली. काच उघडली, मारित्साचा हात बाहेर आला, केळ्याचे दोन काप घेऊन आत गेला. काच पुन्हा बंद झाली. आयोगाला ही प्रगती वाटली.

त्रांकिलिनोचं घर समुद्रालगत होतं. बोरूच्या भिंती, वर मजबूत पत्रे, आणि पडवीत झोपाळा. साठीचा, जाडगेला, गोल चेहऱ्याचा माणूस. नाक इतकं चपटं की चेहऱ्यावर ते नुसतं रंगवल्यासारखं वाटे. पाहुणे बघून त्याला मनापासून आनंद झाला. त्याने त्यांना पेट्यांवर बसवलं, शहाळी दिली. मास्तरांनी घसा साफ केला आणि नेमणुकीचं पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे मला विचारायला आलात?" त्रांकिलिनो म्हणाला. "नगरपालिकेतून? मला?"

"या सबंध प्रकरणात तुम्हीच एक मध्यपद आहात," मास्तर म्हणाले. हा शब्द त्रांकिलिनोला फार आवडलेला दिसला.

"बरं. विचारा."

"लिनो ब्रॅथवेट आणि वॉल्तेर पिन्सोन. दोघांचाही ठोसा तुम्ही खाल्लात. कोणाचा जास्त भारी होता?"

त्रांकिलिनोने शहाळं खाली ठेवलं आणि समुद्राकडे पाहिलं. ओदिल्याने पर्सचा पट्टा घट्ट धरला. मारित्सा पुढे झुकली. वॉल्तेर पडवीच्या खांबाला टेकून उभा होता, टोपी हातात.

"आता मला कसं सांगता येणार?" त्रांकिलिनो म्हणाला. "मला लागलाच नाही की कोणाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पडलो. लिनोसमोर तिसऱ्या फेरीत पडायचं ठरलं होतं, तिसऱ्यात पडलो. या पोरासमोर दुसऱ्यात ठरलं होतं, दुसऱ्यात पडलो. पडण्यात मी कधी वेळ चुकवली नाही, मास्तर. कोणालाही विचारा."

मास्तरांचं पेन कागदाला टेकलेलंच राहिलं आणि तिथे शाईचा मोठा थेंब जमला.

"कोणी ठरवलं होतं?" वॉल्तेर म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक होता.

"तुझ्या लढती लावायचा त्या मालकाने, आणखी कोणी? तुला नव्हतं माहीत? चांगला माणूस होता तो. मी म्हटलं, पैसे नकोत, पैसे उडून जातात. माझ्या घरावर पत्रे घालून दे. दिले की त्याने घालून." त्रांकिलिनोने मान वर केली. "हेच ते. इतकी वर्षं झाली, एक थेंब आत येत नाही."

सगळ्यांनी मान वर करून पत्रे बघितले. वॉल्तेरने सगळ्यांत जास्त वेळ बघितले. ज्या छपराखाली आपण उभे आहोत ते आपल्याच दुसऱ्या फेरीचं आहे, हे कळल्यावर माणूस काय करणार? वॉल्तेर सरळ उन्हात जाऊन उभा राहिला.

मारित्सा त्याच्या मागे गेली नाही. ती बसल्या जागी हातातल्या शहाळ्याकडे बघत राहिली, आणि मास्तरांना पहिल्यांदाच तिचा राग न येता वाईट वाटलं.

"आणि माझा मामा?" ओदिल्याने विचारलं. "त्याला माहीत होतं?"

"लिनोला? लिनोला सगळं माहीत असायचं, बाई. मी पडलो तर वाकून हात दिला, आणि कानात म्हणाला, 'पोरा, पडलास छान, पण मी ठोसा मारायच्या आधी पडलास. पुढच्या वेळी जरा माझ्यासाठी थांब.'"

ओदिल्या हसायला लागली. तिला ते आवरेना. पर्स तोंडावर धरून ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मामाच बोलला असणार," ती म्हणाली. "अगदी मामाच."

वॉल्तेर तेवढ्यात परत आला होता. त्याने टोपी पेटीवर ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "उभं राहता येतं का?"

"पोरा, आता तू मला मारणार का?"

"नाही. हात वर धरा फक्त. तळवा समोर करा."

त्रांकिलिनो झोपाळ्यातून उतरला, पडवीबाहेर वाळूत येऊन उभा राहिला आणि उजवा तळवा खांद्याच्या उंचीवर धरला. आयुष्यभर जो माणूस वेळेवर पडत आला तो आता पाय रोवून उभा होता. वॉल्तेर पन्नाशीला टेकला होता, पोट सुटलं होतं, पण त्याने डावा पाय पुढे टाकला आणि मास्तरांना एकदम कळलं की आपण गेले कित्येक दिवस जे आकड्यांत मांडतोय ते हे आहे. ठोसा कुठून निघाला ते दिसलं नाही. फक्त ओल्या टॉवेलने खडकावर मारावं तसा आवाज आला. त्रांकिलिनो दोन पावलं मागे गेला, तिसरं घेता घेता सावरला, आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

"हं," तो म्हणाला. मग त्याने बोटं मिटून उघडून पाहिली. "हे मला तेव्हा माहीत असतं, तर मी भिंतीसुद्धा मागितल्या असत्या."

वॉल्तेरने टोपी घेतली आणि ती सरळ घातली, जशी रोज घालायचा तशी.

परतताना बसण्याची व्यवस्था बदलली. बायका पुढे बसल्या, आणि गाडी मारित्सा चालवू लागली. वॉल्तेर म्हणाला, हात दुखतोय. पुरुष मागे हौद्यात. रस्ता खराब, दोघं एकमेकांवर आदळत होते.

"मास्तर," वॉल्तेर म्हणाला, "चौतीसातले असे किती असतील?"

वर्तमानपत्रांत मास्तरांना एक माणूस सापडला होता जो वॉल्तेरकडून तीन वेगवेगळ्या नावांनी तीनदा हरला होता. नाव बदललं तरी फोटोत कान तेच होते. ते सूत्रात कुठे घालावं हे न कळल्याने त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं.

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "असतील काही."

"म्हणजे मी काय होतो?"

गणिताच्या मास्तरांना असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गाडी एका खड्ड्यातून उसळली, दोघं वर उडाले आणि खाली आले.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "चौतीसमधून किती वजा करायचे ते आपल्याला माहीत नाही. पण हरल्याचा आकडा शून्य आहे. वरून कितीही वजा केलं तरी तो शून्यच राहतो. त्याला कोणाचा मालक हात लावू शकत नाही."

वॉल्तेरने यावर विचार केला. "हे गणित बरोबर आहे?"

"सातवीचं आहे."

पुढे काचेच्या पलीकडे दोन्ही बायका मोठमोठ्याने बोलत होत्या. काय ते ऐकू येत नव्हतं, पण मधूनच हसण्याचा आवाज येत होता, आणि मास्तरांना शंका आली की तो आपल्याबद्दल असावा.

आयोगाचा अहवाल मास्तरांनी एका बैठकीत लिहिला. दोन काळांतल्या दोन बॉक्सरांची तुलना करण्याचे सर्व शास्त्रीय मार्ग आयोगाने चोखाळले असून ती होऊ शकत नाही, असं आयोगाचं ठाम मत झालं होतं. सबब आखाड्याला दोघांचीही नावं द्यावीत. अहवाल घेऊन ते ठेवणीतला कोट घालून नगरपालिकेत गेले. सचिव पिमेंतेल यांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, आणि अधूनमधून पसंतीची मान हलवली.

"उत्तम," ते म्हणाले. "फक्त शेवटचं वाक्य काढावं लागेल. पिन्सोनचं नाव देता येणार नाही."

"का?"

"तो जिवंत आहे ना. नगरपालिकेच्या वास्तूला हयात माणसाचं नाव देता येत नाही. नियमच आहे तसा. फार जुना."

मास्तर खुर्चीत हळूहळू खाली बसले. "म्हणजे तुलना करायची गरजच नव्हती."

"तशी नव्हतीच," पिमेंतेल म्हणाले. "पण मास्तर, तुम्ही सांगितलंत की छेद समान करता येतो. मग म्हटलं, करू द्यावा. नगरसेवक तेवढे दिवस शांत राहिले, हे काय थोडं आहे?"

आयुष्यात प्रथमच मास्तरांजवळ प्रश्न होता आणि उत्तर शिल्लक नव्हतं. ते चालत घरी आले. नियमाची बातमी त्यांच्या आधी पोचली होती, कारण बास्तियानचं दुकान वाटेवर होतं.

ओदिल्या जिन्यापाशीच उभी होती. तिचा मामा जिंकला होता, पण तिने चेहऱ्यावर ते दिसू दिलं नाही. निदान वॉल्तेरच्या दारासमोर तरी नाही. मारित्सा उंबऱ्यात होती.

"म्हणजे यांना आता मरावं लागणार," मारित्सा म्हणाली.

"लगेच असं काही नाही," मास्तर म्हणाले.

"मग राहू द्या," मारित्सा नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "घाई नाही." आणि आत जाऊन तिने पंपाचं बटण दाबलं.

आयोगाचं आणखी एक काम उरलं होतं. दाराच्या पाटीवर नावाखाली लिनोची कारकीर्द कोरायची होती, आणि पाथरवटाला आकडे हवे होते. जिंकल्या किती, हरल्या किती. मास्तर रात्रंदिवस ज्या आकड्यांत बुडाले होते ते सगळे त्यांच्यासमोर होते: नव्वदेक विजय, त्यांत एक तृतीयांश पावसातला, आणि एक त्रांकिलिनोचा, वेळेआधी पडलेला. तो धरावा तर खोटं, वगळावा तर मग वॉल्तेरच्या चौतीसातूनही वगळावा लागेल, आणि ते कान असलेला माणूसही. पाथरवट छिन्नी घेऊन उभा होता.

"मास्तर, बोला. ऊन वाढतंय."

सारी हयात ज्या माणसाने उत्तरात 'पुष्कळ' लिहिणाऱ्या पोराचे गुण कापले, त्या माणसाने मान खाली घातली आणि सांगितलं, "लिही. जिंकल्या: पुष्कळ. हरल्या: काही."

अनावरणाला सगळी वस्ती आली. बँड होता, भाषणं झाली, पिमेंतेल यांनी तुलना आयोगाच्या अथक परिश्रमांचा उल्लेख केला आणि आयोगाचं नाव चुकीचं घेतलं. त्रांकिलिनो रिओ मान्सोहून कोणाचा तरी कोट घालून आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण आपण मध्यपद आहोत असं त्याने दारावरच्या माणसाला सांगितलं आणि त्याला पुढची खुर्ची मिळाली. पडदा बाजूला झाल्यावर तो पाटीजवळ गेला, ओठ हलवत वाचलं आणि मागे वळला.

"मास्तर, यात मी कुठे आहे?"

"पुष्कळमध्ये."

त्रांकिलिनोने समाधानाने मान हलवली आणि शेजारच्या माणसाला पाटीतली आपली जागा बोट लावून दाखवली.

गर्दी पांगल्यावर वॉल्तेर पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. मास्तर त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले. कोपऱ्यावर बायका वाट बघत होत्या.

"माझ्या वेळी," वॉल्तेर म्हणाला, "म्हणजे कधीतरी, जेव्हा केव्हा येईल तेव्हा, तुम्ही काय लिहाल?"

"मी तुझ्याआधी जाईन, मूर्खा."

"समजा, नाही गेलात."

"तुझी पाटी सोपी आहे," मास्तर म्हणाले. "वरची ओळ मोकळी सोडायची. खाली लिहायचं, हरल्या: शून्य."

वॉल्तेरने पाटीकडे पाहिलं, जणू दुसरी पाटी तिथेच शेजारी टांगलेली होती आणि तो ती वाचत होता. मग त्याने दुखरा हात मास्तरांच्या खांद्यावर ठेवला, सोंगटी ठेवावी तसा अलगद, आणि दोघं बायकांच्या दिशेने निघाले.